परमुलखात मुरावे कसे? नवशिक्यांसाठी साडेतीनशे वर्षांचा सुलभ अभ्यासक्रम

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

ज्यांनी नुकतंच दुसऱ्या मुलखात बिऱ्हाड थाटलं आहे, ज्यांना शेजाऱ्याचं नाव अजून धड उच्चारता येत नाही, आणि तरीही ज्यांची अशी अपेक्षा आहे की मुलं शाळेत ‘इथली’ वाटावीत आणि दिवाळीच्या फोटोत ‘तिथली’ दिसावीत, अशा सर्व होतकरू मंडळींसाठी. पूर्वानुभवाची गरज नाही. कालावधी सुट्ट्या धरून साडेतीनशे वर्षं. प्रमाणपत्र मिळत नाही. मिळालंच तर ते तुमच्या खापरपणतूला मिळतं, आणि आपल्याला ते मिळालंय हे त्यालाही कळत नाही.

बाजारात याहून झटपट पर्याय आहेत. तीन महिन्यांत भाषा, सहा महिन्यांत उच्चार, पाच वर्षांत पारपत्र. या साऱ्याचा उपयोग आत शिरायला होतो. मुरणं निराळं. कैरीच्या फोडी बरणीत टाकल्या म्हणून त्याच संध्याकाळी लोणचं होत नाही, आणि रोज झाकण उघडून ‘झालं का?’ असं बघणाऱ्याच्या लोणच्याला बुरशी येते.

अभ्यासासाठी एक पूर्ण झालेला नमुना हवा, म्हणून आपण तंजावरचे मराठी लोक घेतले आहेत. अमेरिकेतले किंवा दुबईतले घेतले असते तर वाचकांत निम्मे नातेवाईक निघाले असते, आणि त्यांचा अभ्यासक्रम अजून पहिल्या सत्रातच आहे.

लागणारे साहित्य

एक घरची भाषा. दोन बाहेरच्या भाषा (कमीत कमी). चिंच. गाणारा एक तरी माणूस. लिहून ठेवायची खोड. मूळ गावी एक भांडखोर भाऊ. आणि एखादी दंतकथा, जिला पुरावा नसला तरी चालेल.

धडा पहिला: यावे ते दुसऱ्याच्या कामासाठी

कायमचं राहायला म्हणून कोणी येत नसतं. ‘दोन वर्षं काढू, चार पैसे गाठीला बांधू, परत जाऊ’ हे स्थलांतराचं मंगलाचरण आहे, आणि ते म्हटल्याशिवाय कामाला सुरुवात करू नये.

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे हेही तंजावरला संसार मांडायला गेले नव्हते. मदुरेच्या नायकाने तंजावरच्या नायकाचं राज्य जिंकून घेतलं होतं. ते त्याच्या वारसाला मिळवून द्यायचं, एवढ्या कामावर विजापूरच्या आदिलशाहीने त्यांना धाडलं. काम फत्ते झालं. मग १६७६च्या सुमारास त्या गादीवर स्वतः व्यंकोजीराजेच बसले. हे नीतीला धरून होतं का, हा प्रश्न या अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. आपल्यापुरता धडा एवढाच, की तात्पुरतं आलेलं माणूस पुढे १७९ वर्षं राज्य करू शकतं. ‘टेम्पररी’ या शब्दावर विसंबू नये.

पोटनियम: तुमचं बस्तान बसलं की मूळ गावाहून भाऊ येतो आणि वाटणी मागतो. १६७७ साली दक्षिण दिग्विजयावर असताना शिवाजी महाराजांनी व्यंकोजीराजांची भेट घेतली, आणि वडिलांच्या दक्षिणेतल्या जहागिरीचा विषय निघाला. चर्चा काही गोडीगुलाबीची झाली नाही. याचा अर्थ नातं तुटलं असा नव्हे. मराठी घरात वाटणीचा वाद चालू असणं हा नातं जिवंत असल्याचा पुरावा असतो. वाद मिटला आणि पत्रं बंद झाली की खरं अंतर पडतं.

गृहपाठ: ‘दोन वर्षांसाठी आलोय’ हे वाक्य वहीत लिहून तारीख टाका. वही नातवाला द्या.

धडा दुसरा: एक भाषा शिकून भागत नाही

नवशिक्याची ठरलेली चूक अशी, की तो ‘तिथली भाषा’ शिकायला निघतो. तिथे एकच भाषा असते असं त्याला कोणी सांगितलं, देव जाणे. भोसले तंजावरला पोचले तेव्हा बाजारात तमिळ होतं, नायकांच्या दरबारातलं साहित्य आणि गाणं तेलुगूत होतं, पंडितांत संस्कृत होतं. घरात मराठी होतीच. उत्तरेशी व्यवहार करायचा तर हिंदुस्तानीही हवी.

व्यंकोजीराजांचे पुत्र शाहजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी यावर जो उपाय काढला तो प्रत्येक स्थलांतरिताने घरात फ्रेम करून लावावा. कोणती भाषा राखायची यावर त्यांनी परिसंवाद घेतला नाही; ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक लिहिलं. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा बोलल्या जातात. पात्रं एकमेकांना अडवत नाहीत, कोणी कोणाचं व्याकरण सुधारत नाही, आणि कथानक पुढे सरकतं. ज्या घरात आजी एका भाषेत रागावते, आई दुसऱ्या भाषेत हिशेब करते आणि मुलगा तिसऱ्या भाषेत खोटं बोलतो, त्या घरात हे नाटक रोज होतं. फक्त लिहून कोणी ठेवत नाही.

जाता जाता एक कडू गोळी. मराठी रंगभूमीचा जन्म आपण १८४३ साली सांगलीला, विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने झाला असं मानतो आणि ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. तंजावरच्या राजांची मराठी नाटकं त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधीची आहेत. तेव्हा नवशिक्यांनी मनाची तयारी ठेवावी: परमुलखात तुम्ही काहीही पहिल्यांदा केलंत तरी गावाकडे त्याची नोंद ‘पहिलं’ म्हणून होत नाही. फार तर तळटीप मिळते.

धडा तिसरा: स्वयंपाकघरातून आत शिरावे

दरबारात प्रवेश मिळायला तलवार लागते, शेजारणीच्या घरात शिरायला वाटी पुरते. या बाबतीत तंजावरकरांचं काम नमुनेदार आहे.

पायरी एक: घरचा जिन्नस मिळेनासा होऊ द्या. आमसूल संपलं की रडत बसू नये. तिथे चिंच मिळते, चिंच घालावी. पायरी दोन: जुना पदार्थ नव्या नावाने हाक मारला तर ओ द्यावी. तंजावरी घरांतली ‘डांगर पचडी’ पाहा. उडदाच्या पिठाचं आपलं डांगरच ते, दह्यात कालवलेलं. नाव माहेरचं आणि आडनाव सासरचं घेऊन सुखाने नांदतंय. पायरी तीन: शेजाऱ्यांनी उचललं की हक्क सांगू नये. तमिळ पंगतीत मुगाची डाळ आणि काकडी घातलेली ‘कोसुमल्ली’ केळीच्या पानावर येते तेव्हा ती आपल्या कोशिंबिरीची बहीण आहे, हे वाढणाऱ्याच्या गावीही नसतं. सांगायला जाऊ नये. हात पुसून आणखी मागावी.

पायरी चार म्हणजे दंतकथा. संभाजी महाराज तंजावरला आले, आमटीला आमसूल नव्हतं, चिंच घातली, आणि पाहुण्याच्या नावावरून तिला ‘सांबार’ म्हणू लागले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिला त्या काळच्या कागदाचा आधार नाही. परंतु दंतकथेचं काम पुरावा देणं नसतंच. ‘तुमच्या ताटात आमचंही काही आहे’ हे भांडण न करता म्हणायची ती एक सोय असते. यजमानही हसून मान डोलावतात आणि दुसऱ्यांदा भात घेतात. इतकं काम एखाद्या शोधनिबंधाने केल्याचं ऐकिवात नाही.

धडा चौथा: नावाचे काय करावे

नाव सैल बांधावं. तमिळ मुलखात आडनावाची रीत नाही. गावाचं आणि बापाचं आद्याक्षर पुढे आणि आपलं नाव मागे. तंजावरच्या मराठ्यांनी, विशेषतः देशस्थांनी, हे मुकाट्याने स्वीकारलं. कित्येकांची आडनावं गळाली, मागे ‘राव’ उरलं, आणि शेजाऱ्यांनी त्या ‘राव’चंही ‘रायर’ केलं. कोणी कोर्टात गेलं नाही.

लिपीबद्दल आधीच सावध करतो. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही भावंडांची एकाच अक्षरावर बोळवण होते. तेव्हा घाटगे काय नि काडके काय, पाटीवर एकाच रांगेत उभे. ज्यांना या गोष्टीने रात्री झोप येणार नाही त्यांनी परमुलखाचं नाव काढू नये.

आता प्रगत विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण. बेंगळुरूच्या मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड नावाचा तरुण १९७५ साली तमिळ सिनेमात आला. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याचं नाव बदललं. मराठी आहे म्हणून नव्हे; तमिळ सिनेमात ‘शिवाजी’ आधीपासून होता म्हणून! तो शिवाजी म्हणजे गणेशन, अस्सल तमिळ माणूस. अण्णादुराईंच्या नाटकात त्यांनी शिवाजी महाराजांची भूमिका अशी वठवली, की पेरियारांनी त्यांना ‘शिवाजी’ हेच नाव दिलं. म्हणजे मराठी राजाचं नाव तमिळ नटाला मिळालं आणि मराठी मुलाला ‘रजनीकांत’ व्हावं लागलं. पुढे २००७ साली रजनीकांतचा सिनेमा आला, त्याचं नाव ‘शिवाजी’. हिशेब चुकता व्हायला बत्तीस वर्षं लागली, पण झाला.

गृहपाठ: नवे शेजारी तुमच्या नावाचा जो अपभ्रंश करतात तो दहा वेळा मोठ्याने म्हणा. अकराव्या वेळी ओ द्या.

धडा पाचवा: द्यावे, घ्यावे, आणि पावती मागू नये

या अभ्यासक्रमातला हा सर्वांत जड धडा आहे. इथे घाई करू नये.

बहुतेक नवशिके संस्कृती ‘जपायला’ निघतात. जपायची म्हणजे मंडळ काढायचं, अध्यक्षपदावरून भांडायचं, आणि वर्षातून एकदा हॉल भाड्याने घेऊन आपलं आपणच बघायचं. यात गैर काही नाही, पण याने मुरणं होत नाही. तंजावरकरांनी संस्कृती उधार दिली, आणि उधारी वसूल करायला कधी गेले नाहीत.

कीर्तनाचं बघा. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरला येत, तिथे राहत. पूर्वरंग-उत्तररंग, मधेच टाळ, मधेच विनोद, हा सारा थाट तिथल्या लोकांनी डोळे भरून पाहिला. मग तंजावर कृष्ण भागवतरांनी तो तमिळमध्ये उतरवला, त्याला कर्नाटक संगीताचं अंग दिलं आणि त्यातून तमिळ हरिकथा उभी राहिली. त्या हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं येतात. कर्नाटक संगीताच्या मैफलीत शेवटी शेवटी अभंग निघतो तेव्हा चेन्नईतल्या मैलापूरचा श्रोता टाळी देतो. तो विठोबाला पाहुणा समजत नाही.

घेण्याच्या बाजूला दुसरे सरफोजीराजे (१७७७ ते १८३२) आहेत. या माणसाचं शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झालं. सरफोजीराजांनी नायकांच्या काळापासूनचं सरस्वती महाल ग्रंथालय देशोदेशीच्या पोथ्या आणि पुस्तकं आणून भरलं. भरतनाट्यमची आजची मांडणी ज्यांच्या नावावर आहे ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ त्यांच्याच दरबारात होते. राजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापनीतीचं मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ छापून निघालं. सुरुवातीच्या छापील मराठी पुस्तकांपैकी हे एक, आणि ते कावेरीच्या काठी छापलेलं. पुण्यात तेव्हा पेशवाई होती आणि पोथ्या हातानेच उतरत होत्या. पण कमाल आहे ती त्यांच्या नावावरच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ची. कुरवंजी हा खास तमिळ प्रकार. डोंगरातली कुरव जातीची बाई येते आणि भविष्य सांगते. इथे ती मराठीत बोलते, आणि भविष्याच्या ऐवजी जगाचा भूगोल सांगते! साचा तमिळ, भाषा मराठी, माहिती युरोपातून आलेली. हे शुद्ध कशात बसतं, असं कोणी विचारलं तर विद्यार्थ्याने नम्रपणे वर्गाबाहेर जावं.

नियम: जे कुलपात ठेवाल ते तुमच्याबरोबर जाईल. जे शेजाऱ्याला द्याल ते त्याच्या नातवाकडे सापडेल.

धडा सहावा: लिहून ठेवावे, शक्यतो दगडावर

भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं. तंजावरच्या बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने बांधलं, १०१०च्या सुमारास पूर्ण केलं. त्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी आख्खा भोसले कुळाचा इतिहास कोरवून घेतला. मराठीत. देवनागरीत. आणि थोडाथोडका नाही. चालत चालत वाचावा इतका लांब.

हा आगाऊपणा वाटेल, पण नीट पाहा. त्याच देवळावर चोळांचे तमिळ लेख आहेत, त्यांच्या शेजारी हा बसला. कोणाचा लेख तासून काढला नाही. मुरण्याची ही खूण समजावी: घरमालकाचं नाव न पुसता आपलंही नाव त्याच भिंतीवर लिहिता येणं.

ज्यांच्याजवळ देऊळ नाही त्यांनी वही वापरावी. आजीची ओवी, पुरणाचं प्रमाण, कुलदैवताचं गाव. मुलांना देवनागरी येत नसेल तर त्यांना येईल त्या लिपीत. शुद्धलेखनाची काळजी नंतरची पिढी करील. तिला निदान करायला काही तरी असेल.

धडा सातवा: सत्ता गेल्यावर खरा अभ्यास सुरू होतो

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्रहीन वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. आता राजभाषा नाही, जहागीर नाही, नोकरी देणारा आपला माणूस नाही. आतापर्यंत मराठी माणूस तिथे रुबाबात राहत होता. आता शेजारी म्हणून राहायचं होतं. बोजाबिस्तारा बांधून परत येणं शक्य होतं, पण परत म्हणजे कुठे? जवळजवळ एकशेऐंशी वर्षांनी साताऱ्यात कोण ओळखणार होतं?

ते राहिले. कारकून झाले, वकील झाले, मास्तर झाले, दिवाण झाले. त्यांतले सर्वांत गाजलेले टी. माधवराव, जन्म कुंभकोणमचा, १८२८. ‘टी’ म्हणजे तंजावर. त्रावणकोरचे दिवाण, मग होळकरांच्या इंदूरचे, मग सयाजीराव अज्ञान असताना गायकवाडांच्या बडोद्याचे. हा मराठी माणूस दक्षिणेकडून येऊन मराठी संस्थानांचा कारभार सुधारत होता. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे, आणि त्या चौकाचं नावच ‘स्टॅच्यू’ पडलंय. बसमधला माणूस ‘स्टॅच्यू, स्टॅच्यू’ म्हणून उतरतो, पुढे भाजी घ्यायला जातो. पुतळा कोणाचा हे विचारायची त्याला गरज पडत नाही.

यावर डोळ्यांत पाणी आणू नये. एखाद्या शहराने तुमच्या नावाचं साधं वळणाचं ठिकाण करून टाकलं की तुम्ही उत्तीर्ण झालात.

धडा आठवा: मूळ गावचे पाहुणे

प्रात्यक्षिक परीक्षा. कुंभकोणमच्या एका गल्लीत सत्तरी पार केलेल्या आजी ओट्यावर बसल्या आहेत. पुण्याहून आलेले पाहुणे कॉफीचा पितळी डबरा हातात सावरत कौतुकाने म्हणतात,

“वा आजी, मराठी छान बोलता हो! कुठे शिकलात?”

आजी क्षणभर बघतात. “शिकायचं काय त्यांत? आईच्या पोटांतून येतं तें.”

“नाही, म्हणजे, थोडं वेगळं वाटतं ना. जुन्या पोथीसारखं. आणि हेल जरा तमिळ.”

“असेल. आम्ही इथलेच नव्हे का?”

पाहुणे गाडीत बसल्यावर म्हणतात, “बिचाऱ्यांची मराठी बिघडलीय.” स्वतः ते वाक्य पुरं करेपर्यंत त्यांनी ‘अ‍ॅक्च्युअली’ दोनदा आणि ‘बेसिकली’ एकदा म्हटलेलं असतं.

विद्यार्थ्यांनी इथे आजींचा धडा गिरवावा. रागावू नये, सिद्ध करायला जाऊ नये. दुसरी कॉफी द्यावी.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*आमची मुलं मराठी बोलत नाहीत. काय करावं?*
तुम्ही त्यांच्याशी कोणत्या भाषेत रागावता ते तपासा. ज्या भाषेत फक्त ‘नमस्कार कर’ एवढंच सांगितलं जातं ती भाषा मुलांना देवघरासारखी वाटते: पवित्र आणि कंटाळवाणी.

*आम्ही परत गेलो तर?*
जाऊन बघा. मात्र गावात तुमची जागा भरलेली असेल. १९६६ साली शिवसेना निघाली आणि मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध ‘हटाव लुंगी’चा पुकारा झाला. त्या दिवसांत दादरला दारावर ‘टी. एस. राव’ अशी पाटी लावून, तमिळ हेलात, पण घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणारा एखादा तंजावरी कारकून राहत असता, तर त्याला शेजाऱ्यांनी काय म्हणून हाक मारली असती? उत्तर तुम्हीच द्या. मुरलेल्या माणसाला मूळ गावी परका ठरवायला एक पाटी पुरते.

*मग आम्ही नक्की कुठले?*
हा प्रश्न पहिल्या तीन पिढ्यांना पडतो. पुढे तो फक्त अर्जातला रकाना उरतो.

परिशिष्ट: यजमानांसाठी

मार्गदर्शिका इथे संपायला हवी होती, पण अर्धा अभ्यासक्रम यजमानांचा असतो आणि तो कोणी शिकवत नाही. तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी चार ओळी.

१८८० साली सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या मुलीशी झालं. तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याला आले, आणि तिथेच राहिले. त्यांच्या परंपरेतले कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या विद्यापीठात भरतनाट्यम शिकवत होते. आडनाव पाहा: ‘तंजोरकर’. तमिळ मुलखातून आलेल्या माणसांना मराठी दरबाराने आपला ‘कर’ लावून टाकला. तिकडे मराठी माणूस आद्याक्षरात विरघळला, इकडे तमिळ माणूस ‘कर’ झाला. देणंघेणं फिटलं.

सोलापुरी चादर तुमच्या घरात असेलच. ती सोलापूरच्या मागावर पिढ्यान्‌पिढ्या विणत आले त्यांत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांचा वाटा मोठा आहे. तुम्ही लहानपणापासून ती पांघरली, लग्नात आहेर केली, आणि ती कोणी विणली हे विचारलं नाहीत. हेच बरोबर होतं. अशी विसरभोळी माया माणसाला जितकी आत घेते तितकी कोणतीही स्वागत समिती घेत नाही.

विस्मरण चादरीपुरतं ठेवून चौकशी मात्र माणसाची करायची, ही यजमानांची जुनी लबाडी. चादर ‘सोलापुरी’ आणि विणकर ‘तिकडचा’; इडली आपली आणि इडलीवाला अण्णा बाहेरचा. तंजावरने कोसुमल्ली खाल्ली आणि रायरांनाही राहू दिलं. आपण दोन्ही हिशेब सारखे ठेवावेत.

तेव्हा तुमच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला भेटाल, तेव्हा ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न जरूर विचारा, कारण उत्तर ऐकण्यासारखं असतं. फक्त एकदाच विचारा. त्याच्या मुलाला पुन्हा विचारू नका, आणि नातवाला तर मुळीच नको.